वाचकांचे प्रश्न : ५जी फोन हातात आला, पुढे काय?

मोबाइलवरील ५जी सेवेविषयी गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. देशात या सेवेचे उद्घाटन १ ऑक्टोबर २०२२ रोजी दिल्लीत झाले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ती पुण्यात आली. तेव्हाची नवलाई आता ओसरली आहे, त्यामुळे पत्रांचा सूरही ‘हे काय आहे’ असा न राहता ‘हे माझ्या घरात का चालत नाही’ असा झाला आहे, आणि तो मला अधिक उपयोगी वाटतो. लांबलेली पत्रे थोडक्यात दिली आहेत. तक्रारींमधील कंपन्यांची नावे गाळली आहेत, कारण बहुतेक तक्रारी कोणत्याही एका कंपनीच्या नाहीत.

प्रश्न : दिवाळीत नवा ५जी फोन घेतला. मुलाने वेग मोजून दाखवला तेव्हा आकडा साडेतीनशेपर्यंत गेला. पण व्हॉट्सॲप, बँकेचे ॲप आणि बातम्यांची संकेतस्थळे जुन्या फोनइतक्याच वेळात उघडतात, आणि भाजीवाल्याला पैसे पाठवताना तर कधी कधी चक्र फिरतच राहते. माझे पैसे वाया गेले का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : पैसे वाया गेलेले नाहीत, पण ज्या कारणासाठी ते खर्च करावेत असे दुकानात सांगितले जाते त्या कारणासाठी ते उपयोगी पडलेले नाहीत, एवढे खरे.

प्रथम आकड्याविषयी. वेग मोजणाऱ्या ॲपवरील ३५० हा आकडा मेगाबिटचा असतो आणि फाइलचा आकार आपण मेगाबाइटमध्ये मोजतो. आठ बिटांचा एक बाइट होतो, त्यामुळे ३५० मेगाबिट म्हणजे सेकंदाला जेमतेम ४४ मेगाबाइट. हाही वेग मोठाच आहे, कारण एक जीबीची फाइल त्या हिशेबाने पंचवीस सेकंदांच्या आत उतरायला हवी. अडचण अशी की आपण दिवसभरात जी कामे करतो त्यांतील फारच थोड्या कामांना एवढ्या वेगाची गरज असते. फोनच्या पडद्यावर उत्तम दिसणाऱ्या व्हिडिओला सेकंदाला पाच मेगाबिटच्या आसपास वेग पुरतो, आणि तो आपल्याला बहुतेक ठिकाणी ४जीवरही मिळत होता. व्हॉट्सॲपचा मजकूर तर त्याच्या पासंगालाही पुरत नाही. बातमीचे पान उघडताना फोन आणि दूरचा सर्व्हर यांच्यात अनेक लहान लहान फेऱ्या होतात आणि बराचसा वेळ त्या फेऱ्यांत व पानावरच्या जाहिराती मांडण्यात जातो, त्यामुळे वेग दहापट झाला म्हणून पान दहापट लवकर उघडत नाही.

भाजीवाल्याकडच्या चक्राचा तर ५जीशी बहुतेक वेळा संबंधच नसतो. यूपीआयच्या एका व्यवहारात अगदी किरकोळ डेटा जातो, परंतु तो आपल्या ॲपकडून आपल्या बँकेकडे, राष्ट्रीय देयक महामंडळाच्या यंत्रणेकडे आणि तेथून समोरच्याच्या बँकेकडे जाऊन परत यावा लागतो. या साखळीतील एखाद्या बँकेचा सर्व्हर मंद असला, तर फोनवर कितीही ‘जी’ दिसत असले तरी चक्र फिरतच राहणार. अशा वेळी नेटवर्क बदलत बसण्यापेक्षा दुसऱ्या बँकेचे खाते जोडलेले असल्यास त्यावरून पैसे पाठवणे अधिक शहाणपणाचे, मात्र आधीचा व्यवहार खरोखर रद्द झाला आहे याची खात्री करून घ्यावी.

५जीचा फायदा दिसतो तो गर्दीत, आणि माझ्या मते शहरातल्या माणसासाठी तोच त्याचा खरा उपयोग आहे. शनिवारी संध्याकाळी फर्ग्युसन रस्त्यावर किंवा दिवाळीच्या आधी तुळशीबागेत उभे राहून नकाशा उघडण्याचा प्रयत्न ज्यांनी ४जीवर केला असेल, त्यांना फोनवर चारही दांड्या पूर्ण दिसत असताना काहीही न उघडण्याचा अनुभव असेल. तेथे रेंज कमी नसते, एकाच टॉवरवर माणसे फार झालेली असतात. ४जीच्या एका वाहक लहरीला, म्हणजे डेटा वाहून नेणाऱ्या एका मार्गाला, जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्झ रुंदी मिळते, तर ५जीसाठी कंपन्यांनी वापरलेल्या मुख्य पट्ट्यात, म्हणजे वारंवारतेच्या टप्प्यात, ती साधारण १०० मेगाहर्ट्झपर्यंत असते. शिवाय नव्या अँटेना सगळीकडे सारखे प्रक्षेपण न करता प्रत्येक फोनच्या दिशेने झोत वळवू शकतात. त्यामुळे त्याच गर्दीत प्रत्येकाच्या वाट्याला अधिक येते. आपण हा फोन घरातल्या खुर्चीत बसून तपासला आहे. तो एकदा लक्ष्मी रस्त्यावर खरेदीच्या दिवसांत तपासून पाहावा.

एक सूचना राहिलीच. चिरंजीवांना वेग मोजण्याचा छंद जडला असेल तर तो आवरायला सांगावे. सेकंदाला ४०० मेगाबिट वेगाने दहा सेकंद चाललेली एक चाचणी उतरवण्यातच ५०० मेगाबाइट खाते. पाहुण्यांना आकडा दाखवण्याच्या हौसेपायी दिवसाचा कोटा संपवलेली माणसे मला माहीत आहेत.

प्रश्न : आमचे घर जुन्या वाड्यात, तळमजल्यावर आहे. रस्त्यावर उभे राहिले की ५जी उत्तम चालते, पण आत आल्यावर चिन्ह तसेच राहून नेट मात्र रखडते. फोन बिघडला आहे का? – एक वाचिका, सदाशिव पेठ

उत्तर : फोन बिघडलेला नाही. बिघाड म्हणायचाच झाला तर तो भिंतीच्या जाडीचा आहे, आणि ती भिंत मोबाइलच्या जन्माआधीची आहे.

२०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये झालेल्या लहरींच्या पट्ट्यांच्या (स्पेक्ट्रमच्या) लिलावात कंपन्यांनी ५जीसाठी प्रामुख्याने ३३०० मेगाहर्ट्झचा पट्टा घेतला. हा पट्टा रुंद आहे, म्हणून त्यावर वेग मिळतो. परंतु लहरींची वारंवारता जितकी जास्त, तितकी भिंत भेदण्याची त्यांची क्षमता कमी. दगड, भाजकी वीट आणि मातीचे लिंपण असलेली दीड-दोन फुटांची भिंत या लहरींचा बराच मोठा भाग गिळून टाकते, आणि पावसाळ्यात ओल धरलेली भिंत आणखी गिळते. कमी वारंवारतेचा ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा घरात अधिक खोलवर पोहोचतो, पण तो त्या लिलावात एकट्या जिओने घेतला. त्यावर मिळणारा वेगही पट्टा अरुंद असल्याने बेताचा असतो. म्हणजे ज्याला पोहोच आहे त्याला रुंदी नाही आणि ज्याला रुंदी आहे त्याची पोहोच तोकडी.

आपण लिहिलेले ‘चिन्ह तसेच राहते’ हे निरीक्षण अचूक आहे. ५जी चालवण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत सर्व कारभार ५जीच्याच यंत्रणेवर चालतो. जिओने सुरुवातीपासून ही पद्धत घेतली. दुसरीत फोन आधी ४जीला जोडलेला राहतो आणि जमेल तेव्हा ५जीची जोड घेतो. एअरटेलने सुरुवात या पद्धतीने केली. दुसऱ्या पद्धतीत ‘या टॉवरवर ५जीची सोय आहे’ एवढा निरोप ४जीच्या टॉवरकडून मिळाला, तरी अनेक फोन वर ५जीचे चिन्ह दाखवतात, मग प्रत्यक्षात त्या क्षणी डेटा ४जीवरूनच येत असो. चिन्हावर विसंबून राहू नये ते यासाठी.

नारायण पेठेत स्नेह्यांच्या वाड्यात हा प्रकार मी जवळून पाहिला आहे. रस्त्याकडच्या ओसरीवर व्हिडिओ क्षणभरही न अडखळता सुरू झाला. माजघराचा उंबरठा ओलांडला तेव्हा वेग निम्म्याहून खाली आला होता, तरी पाहणाऱ्याला काही जाणवले नसते. आत देवघराशेजारच्या फडताळात फोन ठेवला, आणि वर ५जीचे चिन्ह दिमाखात झळकत असताना चित्र आधी धूसर झाले व मग थांबले. तोच फोन चार पावलांवर, मागच्या चौकाकडे उघडणाऱ्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि चित्र पुन्हा स्वच्छ झाले. त्या खिडकीच्या समोर कोठेही टॉवर दिसत नव्हता. पलीकडच्या इमारतीवरून परावर्तित होऊन लहरी चौकात उतरत असाव्यात.

तेव्हा आपल्या घरातही अशी एखादी खिडकी शोधावी. आत बसून काम करायचे असेल तेव्हा फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ४जी निवडण्यात कोणताही कमीपणा नाही, कारण दुबळ्या ५जीपेक्षा खणखणीत ४जी केव्हाही चांगले, आणि मग ५जी शोधण्याच्या धडपडीत फोनची बॅटरीही उतरत नाही. घरात वायरचे इंटरनेट असेल तर वाय-फाय कॉलिंगचा पर्याय सुरू करून ठेवावा, म्हणजे बोलण्यासाठी ओसरीवर धावावे लागणार नाही. नव्या इमारतींत राहणाऱ्यांनी मात्र वाड्यांना हसू नये. ऊन अडवण्यासाठी धातूचा पातळ लेप दिलेल्या काचा लावलेल्या कचेऱ्यांत हीच रड असते.

प्रश्न : मी घरून काम करते. मीटिंगमध्ये मला सगळे स्पष्ट दिसतात, पण ‘तुझा आवाज तुटतोय, चित्र गोठलंय’ असे ते सांगतात. वेग मोजला तर २०० च्या वर येतो. शिवाय गुरुवारी वीज गेली की सारेच ठप्प होते. वायरचे नेट काढून ५जीचे एअरफायबर घ्यावे का, की फोनच्या हॉटस्पॉटवर भागवावे? – एक वाचिका, वाकड

उत्तर : आपल्या पत्रात तीन प्रश्न आहेत. पहिल्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

वेग मोजल्यावर दोन आकडे येतात. मोठा आकडा डेटा आपल्याकडे उतरण्याचा असतो आणि त्याच्या शेजारचा लहान आकडा आपल्याकडून वर जाण्याचा. जाहिरात पहिल्याची होते, आणि घरून काम करणाऱ्याचे पोट दुसऱ्यावर असते. आपल्याला सगळे स्पष्ट दिसतात याचा अर्थ उतरणीचा मार्ग ठीक आहे. आपण त्यांना गोठलेल्या दिसता याचा अर्थ चढणीचा मार्ग अपुरा पडतो आहे.

तो अपुरा का पडतो याला कारणे आहेत. ५जीच्या मुख्य पट्ट्यात येण्याचा आणि जाण्याचा मार्ग वेगळा नसतो. अरुंद पुलावर पोलीस आळीपाळीने एकेका बाजूची वाहने सोडतो, तसा एकच पट्टा काही काळ उतरणीला आणि काही काळ चढणीला दिला जातो. बहुसंख्य लोक पाहणारे असतात आणि पाठवणारे थोडे, या हिशेबाने कंपन्यांनी वेळेचा मोठा वाटा उतरणीला दिलेला असतो. दुसरे कारण फोनच्या ताकदीचे आहे. टॉवरला विजेची ददात नसते, पण आपल्या फोनची प्रक्षेपणशक्ती साधारणपणे एक पंचमांश वॅट, काही फोनमध्ये फार तर त्याच्या दुप्पट एवढीच असते. म्हणून आपण टॉवरपासून दूर किंवा दोन भिंतींच्या आड असलो, की टॉवरचे बोलणे आपल्यापर्यंत पोहोचते, पण आपले उत्तर त्याला नीट ऐकू जात नाही. रेंज खालावू लागली की सर्वात आधी चढणीचा वेग कोसळतो. उतरणीचा आकडा तेव्हाही शंभराच्या वर असू शकतो, आणि त्यामुळेच माणूस गोंधळतो.

व्हिडिओ मीटिंगसाठी वर जाणारा वेग तीन-चार मेगाबिट एवढा पुरतो, पण तो अखंड हवा. ज्या टेबलाशी आपण बसता तेथेच, मीटिंगच्याच वेळेला, दुसरा आकडा पाहावा. त्याच्याच आसपास मिलिसेकंदांत दिलेला प्रतिसादाचा काळही पाहावा, म्हणजे आपला संदेश जाऊन परत येण्यास लागलेला वेळ. तो दर खेपेस फार वेगवेगळा येत असेल तर आवाज तुटणारच. यावरचे उपाय साधे आहेत. टेबल खिडकीकडे सरकवावे, मीटिंगमध्ये चित्राचा दर्जा एक पायरी खाली आणावा, आणि फोन चार्जरला लावून, जाड कव्हरसकट, उन्हात ठेवून हॉटस्पॉट चालवू नये. तापलेला फोन स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, काही फोन तर ५जी सोडून ४जीवर उतरतात. आमच्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत हे हमखास घडते, आणि दोष मात्र कंपनीच्या माथी जातो.

आता एअरफायबर. पुण्यात जिओची ही सेवा १९ सप्टेंबर २०२३ रोजी, गणेश चतुर्थीला, इतर सात शहरांबरोबर सुरू झाली. (४जीची त्यांची सेवा २०१६ साली ५ सप्टेंबरला, म्हणजे गणेश चतुर्थीलाच सुरू झाली होती. मुहूर्त पाहण्याची आपली सवय दूरसंचारातही टिकून आहे.) छतावर किंवा गॅलरीबाहेर बसवलेला संच टॉवरकडून ५जी घेतो आणि घरात वाय-फाय देतो. फोनपेक्षा त्याची अँटेना मोठी, ती घराबाहेर, आणि टॉवरच्या दिशेने पक्की बसवलेली, त्यामुळे चढणीची अडचण पुष्कळ कमी होते. तरीही तो टॉवर परिसरातील सगळ्या फोनांबरोबर वाटून घ्यावा लागतो, आणि रात्री नऊनंतर, सोसायट्यांमध्ये सगळे मालिका नि सामने पाहायला बसले की ते जाणवू शकते. ज्या इमारतीत फायबरची केबल आलेली आहे तेथे ती काढून एअरफायबर घेण्याचे मला काही कारण दिसत नाही. जेथे सोसायटी खोदकामाला परवानगी देत नाही किंवा भाड्याचे घर वर्षभरात सोडायचे आहे, तेथे ते अवश्य घ्यावे.

विजेचे म्हणाल तर वीज गेल्यावर बंद पडते ती इंटरनेटची तार नसून आपला राउटर असतो. राउटरसाठी मिळणारा छोटा बॅटरी संच काही तास चालतो आणि आपल्या नोकरीच्या मानाने त्याची किंमत किरकोळ आहे. मात्र केबल पुरवणाऱ्याचे जे यंत्र इमारतीच्या जिन्याखाली बसवलेले असते, त्यालाही बॅटरी आहे का हे विचारून घ्यावे, नाहीतर आपला राउटर सुरू राहील आणि नेट येणार नाही. फोनचा हॉटस्पॉट हा अशा वेळचा आधार म्हणून उत्तम आहे. पण दुरुस्तीसाठी संपूर्ण परिसराची वीज बंद असते तेव्हा सगळेच एकदम हॉटस्पॉटवर येतात, हे लक्षात घेऊन महत्त्वाची मीटिंग शक्यतो त्या वेळेला ठेवू नये.

प्रश्न : ‘अमर्याद ५जी’ असे लिहिलेले रिचार्ज केले, तरी दुपारपर्यंत ‘आजचा डेटा ९० टक्के संपला’ असा संदेश येतो. ही फसवणूक नाही का? – एक विद्यार्थी, सिंहगड रस्ता

उत्तर : फसवणूक नाही, पण जाहिरातीतले मोठे अक्षर आणि अटींतले बारीक अक्षर यांत जे अंतर असते ते येथे आहे. अमर्याद वापर फक्त फोन प्रत्यक्ष ५जीवर असतानाच लागू होतो. वर्गात, जिन्यात, बसमध्ये फोन ४जीवर उतरला की तेथून पुढचा वापर रोजच्या कोट्यातून कापला जातो. २०२४ च्या जुलैत दरवाढ झाली तेव्हा जिओ आणि एअरटेलने ही अमर्याद सोय मुख्यतः दिवसाला २ जीबी किंवा त्याहून अधिक डेटा देणाऱ्या योजनांपुरती ठेवली. त्यामुळे स्वस्तातली योजना घेताना तीत ही सोय आहे की नाही ते वाचूनच पैसे भरावेत.

दुसरीही एक गोम आहे. ५जी मिळाल्यावर व्हिडिओची ॲप्स आपोआप वरचा दर्जा निवडतात, आणि काही फोन वाय-फायसाठी राखून ठेवलेली कामे, म्हणजे ॲप अद्ययावत करणे, फोटोंच्या प्रती साठवणे वगैरे, ५जीवरही सुरू करतात. आयफोनमध्ये तर ५जीवर अधिक डेटा वापरू द्यायचा का यासाठी वेगळे सेटिंगच आहे. असे काम सुरू असताना फोन ४जीवर घसरला की ते काम लगेच थांबेलच असे नाही, आणि कोटा त्यातच जातो. व्हिडिओचा दर्जा स्वतः ठरवून ठेवावा आणि फोटोंची साठवण वाय-फायपुरती मर्यादित करावी. एवढे करून पाहावे, संदेश दुपारऐवजी रात्री येऊ लागेल किंवा येणारच नाही.

प्रश्न : ‘आपले सिम ४जी आहे, ते आज ५जी न केल्यास बंद पडेल, आलेला ओटीपी सांगा’ असा फोन आला. बोलणारा शुद्ध मराठीत आणि अतिशय अदबीने बोलत होता. मी ओटीपी दिला नाही. योग्य केले ना? – एक ज्येष्ठ नागरिक, सहकारनगर

उत्तर : अगदी योग्य केलेत. ५जीसाठी सिम बदलण्याची सक्ती नाही, सध्या वापरात असलेली बहुतेक ४जी सिम ५जीवर चालतात. ओटीपी मिळाला की असे लोक आपल्या क्रमांकाचे दुसरे सिम सुरू करून घेतात आणि मग बँकेचे ओटीपी त्यांच्याकडे जाऊ लागतात. आपल्या फोनवरची रेंज कारण नसताना पूर्ण गेली आणि बराच वेळ आलीच नाही, तर दुसऱ्या फोनवरून तत्काळ कंपनीला व बँकेला कळवावे. पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच तक्रार करावी. तेथे पहिल्या तासाला फार महत्त्व असते, कारण पैसे पुढच्या खात्यांत जाण्याआधी गोठवता येतात.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गच्चीवर टॉवरसाठी प्रस्ताव आला आहे. भाडे चांगले आहे, पण किरणोत्साराच्या भीतीने सभासदांत दोन तट पडले आहेत. – एका गृहनिर्माण संस्थेचे सचिव, बिबवेवाडी

उत्तर : मोबाइलच्या लहरी आणि क्ष-किरण यांना एकाच माळेत ओवण्याने निम्मा वाद सुरू होतो. क्ष-किरणांमध्ये अणूतील इलेक्ट्रॉन सुटा करण्याइतकी ऊर्जा असते. मोबाइलच्या लहरींत, मग त्या ५जीच्या असोत, ती नसते. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम उष्णतेचा आहे आणि मर्यादा त्यावरून ठरवल्या जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा २ब गटात ठेवले होते, हे विरोधकांनी सांगितले तर ते खरे आहे. त्या गटाचा अर्थ पुरावा मर्यादित आहे, ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असा होतो. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश एवढी कडक मर्यादा लागू केली आहे. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर आपल्या परिसरातील टॉवर नियमात आहेत का ते पाहता येते आणि शुल्क भरून मोजणीही मागवता येते. सभेत भांडण्यापेक्षा ती मोजणी मागवावी.

अँटेनाचा झोत समोरच्या दिशेने जातो, ती ज्या गच्चीवर उभी आहे तिच्या खालच्या घरात तुलनेने कमी लहरी पोहोचतात, ही गोष्ट बहुतेक सभासदांना ठाऊक नसते. माझ्या दृष्टीने सचिवांनी लहरींइतकीच काळजी इमारतीची करावी. जुन्या इमारतीची गच्ची खांब, बॅटऱ्या आणि जनित्र यांचा भार पेलेल का, याचा संरचना अभियंत्याचा दाखला, महापालिकेची परवानगी आणि गळतीची जबाबदारी कोणाची हे करारात लिहून घेणे, यांवर सभेत अधिक वेळ खर्च झाला तर बरे. फोनविषयी भीती असणाऱ्यांनी *#०७# हे अंक फिरवून पाहावेत, बऱ्याच फोनांत शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेचा आकडा दिसतो. आपल्याकडे त्याची कमाल मर्यादा किलोग्रॅमला १.६ वॅट आहे.

प्रश्न : लोहगाव विमानतळाजवळ राहूनही आमच्याकडे ५जी यथातथाच आहे. विमानांमुळे असे होते, हे खरे का? – एक वाचक, विमाननगर

उत्तर : त्यात तथ्य आहे. विमाने जमिनीपासूनची उंची मोजण्यासाठी ४२०० ते ४४०० मेगाहर्ट्झच्या लहरी वापरतात आणि ५जीचा मुख्य पट्टा त्यापासून फार लांब नाही. म्हणून दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपन्यांना सांगितले की धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २१०० मीटर आणि तिच्या मध्यरेषेपासून ९१० मीटर अंतरात या पट्ट्याचे टॉवर उभारू नयेत, आणि त्यालगतच्या भागात शक्ती मर्यादित ठेवावी. आपले घर या अंतरात येते की नाही ते नकाशावर मोजता येईल. पण प्रत्येक अडचणीचे खापर विमानांवर फोडण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावरचा सेवाक्षेत्राचा नकाशाही पाहावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) २०२४ च्या नियमांनुसार तो प्रसिद्ध करणे कंपन्यांना बंधनकारक आहे.

प्रश्न : माझा चार वर्षांचा ४जी फोन उत्तम चालतो. भाऊ म्हणतो, आता बदल. जुन्या बाजारातला ५जी फोन घेतला तर चालेल का? – एक वाचक, धायरी

उत्तर : केवळ ५जीसाठी चालू फोन बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बॅटरी टिकत नसेल, सुरक्षेची अद्ययावत आवृत्ती येणे बंद झाले असेल किंवा बँकेचे ॲप चालेनासे झाले असेल, तर बदलावा, आणि तेव्हा ५जीच घ्यावा, कारण ज्या गर्दीविषयी वर लिहिले आहे ती ४जीवर कमी होईल असे मानण्याचे कारण नाही.

वापरलेला फोन घेताना तो एन७८ हा पट्टा, म्हणजे वर सांगितलेला ३३०० मेगाहर्ट्झचा, पकडतो का ते पाहावे. जिओ वापरत असाल तर एन२८ही, म्हणजे ७०० मेगाहर्ट्झचाही, हवा, कारण घरातली पोहोच त्यावर अवलंबून आहे. २०२०-२१ मध्ये विकल्या गेलेल्या काही फोनांवर ५जी लिहिलेले असले तरी त्यांत पट्टे मोजकेच होते. परदेशातून आणलेला फोन असेल तर ही तपासणी अधिक काटेकोरपणे करावी. आयफोन १२ किंवा त्यापुढचा असेल तर त्यातील आयओएस या प्रणालीची आवृत्ती १६.२ किंवा नंतरची असल्याशिवाय भारतात ५जी सुरू होत नाही. दोन सिम वापरत असाल तर दोन्हींवर ५जी मिळते की एकावरच, हे आपली दोन्ही सिम घालूनच पाहावे, विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नये.

शेवटी *#०६# फिरवून फोनचा पंधरा आकडी ओळखक्रमांक (आयएमईआय) काढावा, इंग्रजी अक्षरांत ‘केवायएम’ लिहून जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर पाठवावा, आणि फोन चोरीचा किंवा बंद केलेला नाही असे उत्तर आल्यावरच पैसे द्यावेत. बिलावर तोच क्रमांक लिहून घ्यावा. विक्रेता बिल देण्यास खळखळ करत असेल तर दुसरे दुकान पाहावे.